‘उसनं मीठ’ : एका जादूकथेच्या प्रकल्प नोंदी

९ जून : आराखडा

लघुकादंबरी, २८,००० शब्द, १४ प्रकरणं, प्रत्येकी साधारण २,०००. वाचक बारा वर्षांपुढचा, वर मर्यादा नाही. गोष्ट आषाढात सुरू होते आणि फाल्गुन वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला संपते. जागा जुनं नाशिक. दहीपूल, सराफ बाजार आणि भांडी बाजार यांच्या मध्ये एक काल्पनिक बोळ घातला आहे, त्याचं नाव कथीलगल्ली. एवढं सोडून बाकी भूगोल खरा. चढउतार, नाला, घाट, पूल यांना हात लावायचा नाही.

गोष्ट थोडक्यात: सिन्नरच्या एका कडक गुरुबाईच्या हाताखाली जादू शिकलेली कुंदा, वय २२, नलूआत्यांच्या वाड्यात भाड्याने येते आणि अंगणात कल्हईची भट्टी मांडते. तिची जादू कल्हईतूनच चालते. कामात ठिपक्याएवढा डाग राहिला तरी भांडं परत भट्टीवर चढवायचं, ही तिची खोड. भट्टी मूळची बशीरचाचांची. त्यांचा हात आता कापतो म्हणून ते शेजारी बसून सांगतात. पिंट्या, वय ११, आई रुग्णालयात रात्रपाळीला गेली की भाता मारायला येतो. भाता कातड्याचा आहे आणि रुसतो. बोलकं मांजर काढून टाकलं. ते प्रत्येक गोष्टीत असतं आणि काम काहीच करत नाही. भाता रुसला तर निदान भट्टी विझते.

या प्रकारच्या, म्हणजे ऊबदार जादूकथेत संकट गल्लीला हातांनी उचलता येईल एवढंच असावं. राज्य बुडत नाही, कुणी मरत नाही, शाप सात पिढ्यांचा नसतो. पण संकटच नसेल तर मग ते नुसतं चहापान होतं. मराठीत ही बाजू सांभाळायला जास्त जपावं लागतं, कारण आपल्याकडे ऊब दाखवायची म्हटली की लेखणी लगेच आठवणींच्या माजघरात जाऊन बसते.

१४ जून : कल्हई

कल्हई नीट समजल्याशिवाय जादूचा एकही नियम लिहायचा नाही. टिपणं खाली.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल असं आंबट राहिलं की तांबं पदार्थात उतरतं. पदार्थ कळकतो: हिरवट झाक, जिभेला कडवट धातू, पुढे मळमळ. म्हणून आतून कथलाचा थर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सगळा धंदा चालतो.

आधी तेलकटपणा काढायचा. कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी किंवा नुसती राख आणि घासणी; भांडं किती चिकट आहे त्यावर. मग जुना काळा थर पातळ तेजाबाने किंवा चिंच-वाळूने घासून आतलं लालसर अंग उघडं करायचं. धुऊन कोरडं. भट्टीवर पालथं-उताणं फिरवत सगळीकडून सारखं तापवायचं. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर आत भुरभुरायचा. पांढरा, नाकात जाणारा धूर निघतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा खातं. त्याच घटकेला कथलाची कांडी तळाला टेकवायची, थेंब सुटला की कापसाच्या बोळ्याने तळापासून काठापर्यंत गोल फिरवत पसरायचा. मग भांडं लगेच पाण्यात.

बिघाड चार प्रकारचे. कथील पाऱ्यासारखं गोळ्या होऊन पळतं: तेलकट राहिलं आहे किंवा नवसागर कमी. थर पिवळट, निस्तेज: भांडं फार तापलं, कथील हवेत जळलं. गाठी आणि ओघळ: भांडं थंड पडलं. काळे ठिपके: बोळ्याचा जळलेला कापूस किंवा कोळशाची कणी.

आणि पाचवा, ज्याच्यावर हे पुस्तक उभं राहणार आहे: जास्त पुसणं. कथील पातळ असेपर्यंत बोळा फिरवायला वेळ मोजकाच मिळतो. एक फेरी जास्त मारली की डाग जाण्याऐवजी कथीलच बोळ्याबरोबर निघून येतं आणि खालचं लाल अंग दिसू लागतं. चकाकी वाढते, थर कमी होतो. भांडं हातात घेतलं तर जास्त सुंदर दिसतं, आणि ताक ओतलं की कळकतं.

कथील लागतं किती, हे एका प्रसंगात हवं आहे. तळ २० सेंटिमीटर व्यासाचा आणि उंची १० सेंटिमीटर धरली तर पातेल्याचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ९४० चौरस सेंटिमीटर. थर १५ मायक्रॉन धरला तर कथील १० ग्रॅमच्या आसपास. कथील महाग, त्यामुळे बोळ्यावर वाया गेलेल्या कथलाचा हिशोब चाचा ठेवतात. शिसं मिसळलेलं कथील स्वस्त पडतं आणि अन्नाच्या भांड्याला ते विष आहे. चाचांच्या तोंडी एवढंच वाक्य: “शिशाची कांडी माझ्या अंगणात नको.” त्यावर आणखी उपदेश नाही.

भट्टीची जागा बदलली. पहिल्या खर्ड्यात ती ओसरीवर होती. ओसरीला वर लाकडी कडीपाट, खांब सागवानी, आणि नवसागराचा धूर कोंडणार. कल्हईवाला वारा पाठीशी घेऊन उघड्यावर बसतो. म्हणून भट्टी बाहेरच्या अंगणात, जमिनीत खड्डा, भात्याची नळी मातीखालून. कुंदाचं ओसरीवर फक्त दुकान, म्हणजे घडवंची आणि फळ्या.

१९ जून : जादूचे नियम

नियम चारच, पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला.

जादू वस्तूंवर चालते, माणसांवर नाही. आजार, लग्न, नोकरी, पाऊस, यांतलं काहीही तिच्या हातात नाही.

भांडं ज्या घरात नांदतं तिथलं बोलणं त्याच्या अंगाला लागतं. कल्हई त्यावर पडदा धरते. पडदा जाड झाला तर भांडं मुकं होतं आणि त्यातलं अन्न परक्या घरचं लागतं. फार पातळ झाला तर भांडं ऐकलेलं बोलून दाखवतं. चांगली कल्हई म्हणजे या दोहोंच्या मध्ये.

कल्हई झिजते. जादूची झाली तरी झिजते. रोजच्या वापरात काही महिन्यांनी भांडं परत येणारच.

चौथा नियम खर्चाचा, आणि यावरच सगळ्यात जास्त वेळ गेला. थकवा नको, माणूस झोपून उठलं की थकवा फिटतो, त्याला दुसरं कुणी लागत नाही. आठवण पुसली जाणं फार जड, गोष्ट काळवंडते. केस पांढरे होणं चित्रापुरतं ठीक. शेवटी ठरलं ते असं: ज्या दिवशी कुंदा जादूची कल्हई करते, त्या दिवशी रात्रभर तिच्या जिभेला मीठ लागत नाही. आंबट, गोड, तिखट सगळं कळतं. मीठ नाही.

हा खर्च बारीक आहे, रोजचा आहे आणि मुख्य म्हणजे एकटीने फेडता येत नाही. आमटी खारट झाली का आळणी, हे दुसऱ्याच्या जिभेनेच कळणार. परिपूर्णतेचा हट्ट धरणाऱ्या बाईला रोज संध्याकाळी कुणाला तरी विचारावं लागणार, “मीठ बघता का जरा?” कुटुंब जमायला एवढं कारण पुरे आहे. पुस्तकाचं नावही इथूनच.

पळवाट लगेच दिसते: ती वजन करेल. करू दे, चौथं प्रकरण त्याचंच. एक लिटर आमटीला १० ग्रॅम मीठ म्हणजे १ टक्का, बरोबर. पण आमटी आटून दोन तृतीयांश राहिली की तेच मीठ दीड टक्का होतं. चमच्याने घेतलं तर खडेमीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा एका वजनाचा नसतो. पापडात मीठ आणि खार आधीच, लोणच्याच्या खारात किती ते बरणीला माहीत. चार दिवस तराजू, पाचव्या दिवशी पिंट्या ताट सरकवतो. हे प्रकरण हसवलं पाहिजे. कुंदाला केविलवाणं करायचं नाही.

२ जुलै : कायदा आणि गल्ली

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादीला चेटूक करते म्हणून बदनाम करणं, मारहाण करणं हा त्याखाली गुन्हा आहे. कल्पित गोष्टीला हा कायदा आडवा येत नाही. पण सातपुड्यात, नंदुरबारकडे, बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना खऱ्या आहेत, आणि त्याच मुलखाच्या वाचकाला आपण गोड चेटकीण विकतो आहोत, हे लिहिताना डोक्यात असलंच पाहिजे.

त्यावरून घेतलेले निर्णय. लिंबू-मिरची, बाहुली, अंगारा, मध्यरात्र, अमावास्या या गोष्टी पुस्तकात नाहीत. गुरुबाई आदिवासी पाड्यावर राहत नाही. ती सिन्नरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानामागे राहते. गल्लीला कुंदाची जादू माहीत आहे आणि गल्लीला त्याचं फारसं कौतुकही नाही, भीतीही नाही. सगळे तिला कल्हईवाली म्हणतात. ‘चेटकीण’ हा शब्द ती स्वतः वापरते, तोही आपल्या धंद्याचा म्हणून, जसं कुणी सुतार म्हणेल. गल्लीने तो शिवी म्हणून फेकल्याचा प्रसंग पहिल्या खर्ड्यात होता, तो काढला. त्या प्रसंगाचं वजन ही गोष्ट पेलू शकत नाही. आणि पेलत नसताना ठेवला तर तो केवळ तोंडी लावायला उरतो.

सहाव्या प्रकरणात एक गिऱ्हाईक मुलाच्या तापासाठी भांडं भारून मागतं. कुंदा पातेलं परत करते आणि दवाखाना कुठल्या वळणावर आहे ते सांगते. दोन ओळी. तिसरी ओळ लिहिली तर ते पोस्टर होईल.

११ जुलै : खोड कशी दाखवायची

“कुंदाला सगळं परिपूर्ण लागत असे” असं वाक्य पुस्तकात कुठेही येणार नाही. त्याऐवजी खडू. गुरुबाई तपासताना प्रत्येक डागाभोवती खडूने वर्तुळ काढून भांडं परत द्यायची, तोंडाने एक शब्द न बोलता. आता गुरुबाई सोबत नाही, पण खडू कुंदाच्या कनवटीला आहे. ती स्वतःच्या कामाभोवती वर्तुळं काढते, मग नलूआत्यांच्या तव्याभोवती, मग पिंट्याच्या वहीतल्या शुद्धलेखनाभोवती. तिसऱ्या पायरीला वाचकाला खोड खुपली पाहिजे.

खोडीचे परिणाम धंद्यात दिसावेत, मनोगतात नव्हे. ती दिवसाला तीनच भांडी करते, चाचा तरुणपणी पंधरा करत. गिऱ्हाइकं तिष्ठतात. कथील बोळ्यावर जातं. भांडी दिसायला आरशासारखी, आणि पडदा पातळ. इथे जादूचा दुसरा नियम आणि कल्हईचा पाचवा बिघाड एकमेकांत बसतात: तिची सगळ्यात चकचकीत भांडी हीच सगळ्यात बडबडी होणार. हे वाचकाला नवव्या प्रकरणापर्यंत सांगायचं नाही.

तिसऱ्या प्रकरणातलं चाचांचं व्याख्यान (दीड पान, “कोणतंही काम पूर्ण नसतं बेटा” छापाचं) पूर्ण काढलं. असं व्याख्यान ऐकून आजवर कुणाचा हट्ट गेला आहे? त्या जागी चाचा तिच्या हातातला बोळा काढून घेतात आणि पाण्यात टाकतात. “झालं,” म्हणतात.

२६ जुलै : माणसं

पहिल्या खर्ड्यात सगळेच गोड होते. नलूआत्या खाऊ घालतात, चाचा समजून घेतात, पिंट्या लाघवी. वाचताना साखर दाताला लागते. जोडलेलं कुटुंब खरं वाटायचं असेल तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे काहीतरी गैरसोयीचं मागितलं पाहिजे, आणि ते नेहमी मिळता कामा नये.

आत्या भाडं वेळेवर मागतात, आणि दुपारी दोन ते चार घासण्याचा आवाज नको म्हणतात. कल्हईवाल्याची ती कामाची वेळ. चाचांना रोज पाचच्या ठोक्याला चहा लागतो, भट्टी तापलेली असली तरी. पिंट्याला रात्री एकटं झोपायची भीती वाटते, पण तो ते सांगत नाही; भाता रुसला आहे, समजूत घालायला थांबतो, असं सांगतो. भाता तेव्हा रुसलेला नसतो. कुंदाला हे कळतं कधी, तर दहाव्या प्रकरणात.

आत्या पहिल्या पाच प्रकरणांत कुंदाला ‘तुम्ही’ म्हणतात, कारण ती भाडेकरू. सहाव्यात चिडून ‘तू’ वर येतात आणि मग परत जात नाहीत. निवेदनात याचा उल्लेख करायचा नाही, फक्त संवाद नीट तपासायचे. कुंदा आत्यांना शेवटपर्यंत ‘तुम्ही’.

मिठाची देवघेव: मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं, ही समजूत घराघरात आहे. म्हणून आत्या मिठाची वाटी नेहमी उंबऱ्यावर ठेवतात आणि कुंदा तिथून उचलते. हे चार वेळा यावं, पाचव्या वेळी काय होतं ते अकराव्या प्रकरणात.

५ ऑगस्ट : प्रकरण ७, फोडणी

छोटं प्रकरण. शेजारीण नव्या कल्हईच्या पातेल्यात तेल तापवून फोडणी करते आणि कथील तळाशी गोळा होतं. कारण साधं आहे: आत पाणी असेल तर भांडं शंभर अंशांच्या आसपास राहतं, नुसतं तेल किंवा रिकामं भांडं विस्तवावर राहिलं की २३२ सहज गाठतं. दोष शेजारणीचा. कुंदा मात्र तो आपल्या कामात शोधत रात्र घालवते. एवढाच मुद्दा, १,४०० शब्दांत आटोपला.

१८ ऑगस्ट : प्रकरण ९, नाल्याचं पाणी

गोदावरीचा पूर घ्यायचा नाही, हे आधी ठरलं. नाशिककर पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो: पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. १९६९, २००८, २०१६, २०१९ या सालांचे पूर लोकांच्या अंगावरून गेलेले आहेत. त्यांना पार्श्वभूमी म्हणून वापरणं या गोष्टीला शोभत नाही. पण सराफ बाजार आणि दहीपुलाकडे नदी पात्रात असतानाही पाणी चढतं, कारण सरस्वती नाला तिथून झाकलेला जातो आणि जोराची सर आली की तो मावत नाही. गुडघाभर पाणी, तासा-दोन तासांत ओसरणारं. आपल्या मापाचं संकट.

हालचालींचा आराखडा कागदावर काढला. दुकानाच्या खालच्या दोन फळ्यांवर ६४ भांडी, गिऱ्हाइकांची. वाड्याचा जिना भिंतीतला, दोन फूट रुंद, एका वेळी एकच माणूस. म्हणून माणसं जिन्यावर साखळीने उभी राहतात आणि भांडी हातोहात वर जातात. तळाशी पिंट्या, मध्ये गल्ली, माथ्यावर आत्या. भांडी हातातून हातात जाताना एकमेकांवर आपटतात, आणि कुंदाने अतोनात पुसलेली सगळी बोलायला लागतात.

हे प्रकरण तीन वेळा वेगवेगळ्या माणसांनी मोठ्याने वाचलं. विनोदाची लय कानालाच कळते. भांड्यांची वाक्यं घरगुती आणि किंचित खाजगी असावीत, कुणाचं आयुष्य उद्ध्वस्त करणारी नकोत. ठेवलेली काही: “परत आल्या वाटतं वन्सं.” “साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेव, त्यांना दिसायला नको.” “हो म्हण आणि गप्प बस.” साखळीत ज्यांची भांडी त्यांचेच शेजारी उभे, त्यामुळे प्रत्येक वाक्याला एक तांबडा चेहरा मिळतो. प्रेमप्रकरण उघड करणारी कळशी काढली: एक तर ते फार झालं, दुसरं म्हणजे पाण्याच्या कळशीला कल्हई करायचं कारण नाही.

शेवटी आत्यांची तपेली. त्यात यजमानांचा आवाज, वारून बरीच वर्षं झालेल्या माणसाचा: “नलू, आमटी आळणी आहे.” जिना गप्प. तिथे प्रकरण तोडलं.

५ सप्टेंबर : प्रकरणं १० ते १२

कुंदाला आपली चूक दुरुस्त करायची आहे, सगळी भांडी नव्याने, थर जाड, आवाज बंद. गिऱ्हाइकं कुरकुरत देतात. आत्या तपेली देत नाहीत. कुंदा हट्टाला पेटते: थर गेला आहे, तपेली कळकेल, विष आहे ते. आत्या: “माझ्या घरातलं काय कळकायचं ते मी बघीन.” भांडणात दोघीही थोड्या बरोबर असणं महत्त्वाचं. कुंदाचं रसायनशास्त्र चोख आहे, आणि तरी तिचा खरा हेतू तपेली सुरक्षित करण्यापेक्षा आपल्या कामातला डाग पुसण्याचा आहे. हे आत्यांना कळतं, कुंदाला नाही.

तोडगा चाचा काढतात, धंद्यातला: झिजलेल्या भांड्याला आंबट दाखवू नका, कोरडं ठेवायला काय हरकत? तपेली ज्वारीच्या पिठाला लावली जाते. कल्हई नाही, कळकणं नाही, आवाज शाबूत. भाकरीचं पीठ घेताना रोज कुणीतरी आमटीला नावं ठेवणार. आधीच्या खर्ड्यात कुंदा जादूने फक्त आवाज वाचवणारी खास कल्हई शोधून काढत होती. ते वाचायला छान होतं आणि पुस्तकाच्या मुळावर येत होतं. तिला पुन्हा एकदा बिनचूक काम करूनच प्रेम मिळालं असतं.

भांडणानंतरच्या संध्याकाळी कुंदा दाराशी येते, कारण आमटीचं मीठ तिला कळत नाही आणि दुसरं कुणी घरात नाही. आत्या वाटी उंबऱ्यावर ठेवत नाहीत, पुढे करतात. “भांडण तर झालंच आहे. आता हातात घे.” या वाक्यानंतर भावनेची एकही ओळ नको. होत्या, सात, काढल्या.

२ ऑक्टोबर : रहाड

शेवटचं प्रकरण रंगपंचमीचं. नाशिकच्या बाहेरच्या वाचकाला रहाड ठाऊक नसते, म्हणून निवेदनातच पण चालता चालता सांगावं लागेल: पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, भर रस्त्याखाली. वर्षभर लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने बुजवलेले, वरून रहदारी चालू. रंगपंचमीला उकरायचे, साफ करायचे, पूजा करायची, रंग उकळून ओतायचा आणि काठावरून आत उडी. त्या उडीला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आपली रहाड काल्पनिक गल्लीतली असल्याने रंगही आपला निवडला: पळसाच्या फुलांचा केशरी.

धोका असा की शुभ्र कपड्यातली काटेकोर बाई रंगात पडते आणि बदलते, हे चित्र आयतं आहे. ते टाळायला दोन गोष्टी केल्या. कुंदा आधीपासून काजळीने माखलेलीच असते, कल्हईवाल्याला पांढरं कसलं परवडतं. आणि गल्ली तिला बोलावते तेव्हा ती सवयीने पहिला प्रश्न विचारते: रंगाच्या कढईला कल्हई कधीची? पिंट्या सांगतो, कढईला कल्हई लागत नाही, रंग कुणी खात नाही. म्हणजे आज तिच्या हातचं कामच नाही. कामाशिवाय बोलावणं तिला पहिल्यांदाच आलेलं आहे आणि काय करावं ते सुचत नाही. उडी नंतर मारते की नाही हे अर्ध्या वाक्यात. दोन पानं याच प्रश्नोत्तराला द्यायची.

मागे ओसरीवर एक पातेलं तसंच ठेवून ती जाते. त्यावर खडूचं वर्तुळ आहे. ते पुसलं गेलं असं लिहायचं नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येतं आणि पातेलं तसंच घेऊन जातं.

१५ नोव्हेंबर : चित्रं

रेखाचित्रं १४, प्रकरणागणिक एक, काळ्या शाईत. तपासताना धंद्याच्या चुका निघाल्या. कल्हई आतूनच असते. पातेल्याला बाहेरून चंदेरी रंगवलं होतं, दुरुस्त केलं. मागच्या फळीवर घंगाळ आणि बंब कल्हईला आलेले दाखवले होते. अंघोळीच्या भांड्यांना ती लागत नाही. भात्याची नळी हवेत तरंगत होती, ती मातीखाली गेली. कांडी चिमट्यात नव्हे, हातात; तापलेलं भांडं चिमट्यात.

रुसलेल्या भात्याला डोळे काढायचे नाहीत. कातड्याच्या घड्या खाली पडल्या की पुरे.

स्कॅन १,२०० डीपीआयवर (इंचाला तेवढे ठिपके), शुद्ध काळा-पांढरा. करड्या छटेत स्कॅन केलं तर छापताना रेषेच्या कडेला ठिपक्यांची जाळी येते आणि बारीक रेघा फुटतात.

६ डिसेंबर : मांडणी

डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. पानाला सुमारे २५० शब्द धरून मजकुराची ११२ पानं. चित्रं, शीर्षकपान आणि बाकीचं मिळून १२८. सोळा पानांचा फॉर्म (एकत्र छापून दुमडायचा ताव), म्हणजे बरोबर आठ फॉर्म. १३० झाली असती तर दोन पानांसाठी नववा फॉर्म चढला असता, म्हणून सातव्या प्रकरणाचं आखूड असणं इथे कामी आलं.

काही मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटातून रूपांतरित होऊन आला आहे. तिथे ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’ हमखास मोडतात: पाऱ्यासारखं, दुसऱ्या, कऱ्हा. शोधून हाताने तपासायचे, यंत्रावर सोडायचे नाहीत. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. आपल्या फाँटात येतात.

दोन्हीकडून सारख्या ओळी केल्यावर लांब जोडशब्दांपाशी भगदाडं पडतात. तिथे शब्द तोडण्यापेक्षा वाक्य किंचित बदलणं बरं. भांड्यांच्या वाक्यांना तिरपा टाइप नको, देवनागरीत तो ओढूनताणून तिरका केलेला दिसतो. अर्धा पॉइंट लहान आणि डावीकडे थोडं आत, एवढ्याने भागतं.

२० डिसेंबर : छपाई

कागद ८० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा, चकाकी नसलेला कागद, पिवळसर छटेचा. ७० वर मागच्या पानावरचं चित्र पुढे दिसतं. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. पाठीची जाडी तक्त्यावरून घ्यायची नाही. त्याच कागदाचे ६४ पत्रे दाबून मोजायचे आणि मगच मुखपृष्ठाची फाइल पक्की करायची. पाठीवरचं नाव कडेपासून दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर आत.

मुखपृष्ठावर पातेल्याच्या आतल्या भागाला चंदेरी फॉइल लावायचा विचार होता. नमुना पाहिला. आरसा झाला, कल्हई दिसेना. खरी कल्हई दुधट, बोळ्याच्या गोल फेऱ्या दाखवणारी असते. फॉइल रद्द, करड्या छटेत बोळ्याचे वळसे.

बाकी कामं: पान ९१ वर आत्या एकदा ‘तुम्ही’ म्हणतात, तिथे ‘तू’. आमटीच्या हिशोबात टक्क्याचे आकडे पुन्हा जुळवणं. मलपृष्ठाचा मजकूर साठ शब्दांच्या आत, त्यात ‘ऊबदार’ हा शब्द नको.